मल्लूअण्णा आणि चौसष्टच्या पुढच्या फळ्या

मंडळी, गेल्या मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मी एका लग्नपत्रिकेतलं नवरीच्या मामांचं नाव तपासत होतो. फोन वाजला. "मल्लूअण्णा गेले," एवढंच पलीकडून सांगितलं. मी पत्रिकेच्या कोपऱ्यात वेळ लिहून ठेवली. का लिहिली, सांगता येणार नाही. मला वेळ लिहून ठेवायची सवय आहे.

तुम्ही सगळे लांबून आलात. इचलकरंजीहून आलात, निपाणीहून आलात, लक्ष्मीपुरीतल्या, अण्णांच्या दुकानाशेजारच्या दुकानदारांनी आज दुकानं बंद ठेवली. अण्णांच्या पत्नी, आपल्या अक्का, पुढे बसल्या आहेत. अक्का, तुमच्यासमोर बोलायचं मला धाडस होत नाही. मला पाठ करून बोलता येत नाही म्हणून लिहून आणलंय. तीन वेळा तपासलंय. तरी आवाज अडखळला तर सांभाळून घ्या.

मी प्रकाश. शाहूपुरीतल्या छापखान्यात डीटीपी करतो आणि प्रुफं वाचतो. अकरावी अर्धी सोडली, त्यापुढे शाळा नाही. मल्लूअण्णा आमच्याकडे कॉम्प्युटर दुरुस्तीला यायचे. दारातूनच त्यांच्या रीतीचा नमस्कार यायचा, "शरणु शरणार्थी. काय रं तम्मा, आज कोण आजारी हाय?" तम्मा म्हणजे कन्नडात धाकटा भाऊ. मला घरी कोणी भाऊ नाही. त्यामुळे पहिल्यांदा तो शब्द ऐकला तेव्हा मी मागे वळून बघितलं, दुसऱ्या कोणाला बोलावतायत का म्हणून.

अण्णांबद्दल सांगण्यासारखं खूप आहे. बाकीचे सांगतीलच. मी एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे. आठ वर्षांपूर्वीच्या एका आठवड्याबद्दल. ती गोष्ट तुमच्यातल्या काही जणांनी ऐकलेली आहे, आणि चुकीची ऐकलेली आहे.

आमचे मालक इथे पहिल्या रांगेत बसले आहेत. मालक, मी जे बोलणार आहे ते तुम्हाला आधी सांगितलेलं नाही. माफ करा. सगळं होईपर्यंत उठू नका, एवढी विनंती.

त्या वर्षी आमच्याकडे एका साखर कारखान्याच्या वार्षिक अहवालाचं काम होतं. बहात्तर पानं. सर्वसाधारण सभेच्या आधी ठरलेल्या दिवसांत अहवाल सभासदांच्या घरी पोचायलाच लागतो. एक दिवस उशीर झाला तर सभेत कोणीतरी उठून माईक धरतो. म्हणून मालकांना घाई होती. आमच्याकडे दोन कॉम्प्युटर होते. मोठ्यावर चौसष्ट एमबी रॅम, लहानावर सोळा. मोठ्यावर सुद्धा फोटोचं पान उघडायला लागलं की हार्ड डिस्क करकर करायची आणि मी हात चोळत बसायचो. पान छत्तीसवर चेअरमनसाहेबांचा फोटो होता. ते पान उघडायला चाळीस सेकंद लागायचे. मी वहीत लिहायचो. कोणत्या पानाला किती सेकंद, सगळं.

मालक म्हणाले, "रॅम वाढवू या. ओळखीत एक जण स्वस्तात देतोय, येऊन बसवून पण देतोय. मल्लूला विचारून घे तेवढं."

अण्णा तेव्हा इचलकरंजीला होते. सुताच्या एका पेढीत चार मशिनं जोडत होते. मी फोन केला.

अण्णा म्हणाले, "वाढवायला हरकत न्हाय. डिस्ककडं पळायचं कमी होईल. पण आधी झाकण काढ. मधल्या मोठ्या चिपवर नंबर लिहिलाय, तो वाचून दाव मला."

मी विचारलं, "नंबर कशाला, अण्णा?"

मंडळी, अण्णा मुळात मागावरचे जॉबर. पंधरा वर्षं त्यांनी इचलकरंजीत माग दुरुस्त केले, मग रेडिओ, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. त्यांनी फोनवर मला मागाचंच उदाहरण दिलं. एसटीडी बूथवरचं मीटर पळत होतं आणि अण्णा निवांत सांगत होते.

"हे बघ तम्मा. माग चालतोय. इणकर दर सुताच्या कांडीला गोदामात जातोय व्हय? न्हाय. मागाजवळ एक पेटी असती. लागतील त्या कांड्या पेटीत. हात घातला की कांडी. ती पेटी म्हंजे कॅश मेमरी. गोदाम म्हंजे रॅम. आणि गावाबाहेरची वखार म्हंजे हार्ड डिस्क. कळलं?"

"कळलं."

"आता पेटीतल्या हर एक कांडीला चिठ्ठी असती. गोदामातल्या कुठल्या फळीवरनं आणली त्याची. एक फळी म्हंजे एक एमबी. काही मदरबोर्डांत ती चिठ्ठी बारकी हाय. चौसष्टपर्यंतच आकडा मावतोय तिच्यावर. पासष्टावी फळी लिहायला जागाच न्हाय. मग पासष्टाव्या फळीवरची कांडी पेटीत ठेवताच येत न्हाय. हर खेपंला गोदामात चालत जायचं. मोठ्या चिठ्ठीचं बोर्ड असलं तर काय बी काळजी न्हाय. म्हणून नंबर वाच म्हणतोय."

मी विचारलं, "बारकी चिठ्ठी असली, तर आधी पहिल्या चौसष्ट फळ्या वापरल्या की झालं ना? पुढच्या फक्त गर्दी झाली तर."

अण्णा हसले. "तुझं डोकं चालतंय. पण गोदामावर राखण कोण बसलाय? ऑपरेटिंग सिस्टिम. तिला पेटी दिसतच न्हाय. तिला नुसत्या फळ्या ठावं. आणि आपली ही सिस्टिम वरनं खाली वाटत येती. सगळ्यात शेवटची फळी आधी देती. म्हंजे नवी फळी बसवलीस की दिवसाचं पहिलं सूत नव्या फळीवरच. जिथं पेटी चालत न्हाय तिथंच. जा, नंबर बघ."

मी फोन ठेवला. मशीनजवळ गेलो.

आणि झाकण काढलं नाही.

मला भीती वाटली, मंडळी. ते मशीन माझ्या तीन वर्षांच्या पगाराएवढं होतं. कुठंतरी ऐकलं होतं, हात लागला तरी चिप जळते. स्क्रू हरवला तर? परत बसलंच नाही तर? मी कपाटातून मशीनचं बिल काढलं. बिलावर बोर्डाचं नाव आणि त्यावरच्या चिपचा नंबर छापलेला होता. मी तो नंबर उतरवून घेतला. अक्षर न् अक्षर तपासलं. परत फोन केला आणि वाचून दाखवला.

अण्णांनी विचारलं, "नीट वाचलंस न्हवं?"

मी म्हणालो, "अण्णा, मी प्रुफरीडर आहे."

"मग टाक. ह्या बोर्डाला चिठ्ठी मोठी हाय."

मी खोटं बोललो नव्हतो. मी नंबर नीटच वाचला होता. फक्त कागदावरचा वाचला होता. माझ्या धंद्यात समोरचा कागद हेच सत्य. मूळ प्रतीत आहे तसं लागलं की माझं काम संपतं. मूळ प्रतच चुकीची असेल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो माणूस आला, चौसष्टची नवी पट्टी बसवून गेला. रॅम एकशे अठ्ठावीस झाली. मालकांनी पेढे आणले. आणि मी टाइप करायला बसलो तर अक्षर बोटाच्या मागून येत होतं. छत्तीसावं पान एकाहत्तर सेकंद. साधं लेटरहेड आधी नऊ सेकंदांत उघडायचं, ते सोळा.

मालकांना सांगितलं. मालक, तुम्ही काय म्हणालात ते मला शब्दाशब्दानं आठवतं. रागावू नका. तुम्ही म्हणालात, "म्हशीला पेंड वाढवली आणि दूध कमी झालं व्हय रं? का धार काढणाराच गडी बदलायचा?"

सगळे हसले. मी हसलो नाही.

ज्यानं पट्टी बसवली त्याला बोलावलं. तो म्हणाला, "रॅम वाढवल्यावर मशीन हळू होत नसतंय. पोरगंच हळू असंल." शेजारच्या कॉम्प्युटर क्लासमधले सर आले. ते म्हणाले, व्हायरस असेल. मी वही दाखवायचो, कोणी बघायचं नाही. सेकंद मोजत बसलेला माणूस म्हणजे काम न करणारा माणूस, असं सगळ्यांनी धरलं. मालकांनी शुक्रवारी सांगितलं, "रविवारपर्यंत पानं निघाली न्हाईत, तर सोमवारी तू घरी." माझ्या आईची तेव्हा डोळ्याची शस्त्रक्रिया ठरलेली होती. मी बूथवरून अण्णांना फोन करून सगळं सांगितलं. त्या रात्री जेवलो नाही.

शनिवारी सकाळी नऊ वाजता अण्णा आले. इचलकरंजीचं काम अर्धं टाकून आले. हातात पिशवी, कपाळावर विभूती. शरणु शरणार्थी म्हणाले आणि मशीनकडे न जाता माझ्याकडे आले.

"वही आण."

मंडळी, माझी वही वाचणारा तो पहिला माणूस. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचली. माझ्यासारख्या अर्ध्या शाळेच्या पोरानं लिहिलेले सेकंद त्यांनी असे वाचले, जणू कुठल्या इंजिनिअरचा रिपोर्ट आहे. मग विचारलं, "हळू चालतंय तवा डिस्क करकरतीय का?"

मी म्हणालो, "नाही. तेच तर. आधी करकरायची. आता गप्प असते आणि तरी हळू."

"सकाळी मशीन लावल्या लावल्या पण?"

"पहिल्या मिनिटापासून."

अण्णांनी चष्मा काढला. "डिस्क गप्प आणि तरी हळू. म्हंजे वखारीकडं कोण जात न्हाय. मागावरच कांडीची वाट बघणं चाललंय."

त्यांनी सिस्टिमच्या एका फाइलमध्ये एक ओळ लिहिली. त्या ओळीचा अर्थ एवढाच, की चौसष्टच्या पुढच्या फळ्या नाहीत असं समज. मशीन परत लावलं. मला म्हणाले, "मोज."

मी मोजलं. लेटरहेड, नऊ सेकंद.

मालक मागे उभे होते. म्हणाले, "आयला! म्हंजे निम्मी रॅम बंद केल्यावर मशीन पळतंय?"

"पळतंय की," अण्णा म्हणाले. आणि त्यांनी स्क्रू ड्रायव्हर काढून झाकण उघडलं. मधल्या मोठ्या चिपवरची धूळ अंगठ्यानं पुसली. नंबर वाचला.

तो बिलावरचा नंबर नव्हता. बिलात एक बोर्ड होतं, आत दुसरं, स्वस्तातलं. बारक्या चिठ्ठीचं.

अण्णांनी वर माझ्याकडे बघितलं. एकदाच. मला कळलं की त्यांना कळलं. मी झाकण उघडलंच नव्हतं, हे त्यांना त्या एका नजरेत कळलं.

मालकांनी विचारलं, "कुणाच्या सल्ल्यानं टाकली ही पट्टी? तुलाच विचारलंतं न्हवं, मल्लू?"

आणि अण्णा म्हणाले, "व्हय. चूक माझी हाय. बोर्ड न बघता सांगितलं मी."

मंडळी, मी तिथेच उभा होतो. तीन फुटांवर. मी तोंड उघडलं नाही.

अण्णांनी नवी पट्टी काढली. लहान मशीन उघडलं. त्यातलं बोर्ड त्याच जातीचं होतं. त्यातली जुनी सोळाची रॅम काढून चौसष्टची बसवली. म्हणाले, "आता दोनी गोदामं चौसष्ट फळ्यांची. एकावर फोटो लाव, एकावर मजकूर. पैसा काय वाया गेला न्हाय." रविवारी संध्याकाळी सहा वाजता बहात्तरावं पान निघालं. अहवाल वेळेत गेला. माझी नोकरी राहिली. आईचा डोळा बरा झाला. ती आज सुईत दोरा ओवते.

आणि पुढच्या महिन्यापासून मालकांनी दुरुस्तीचं काम दुसऱ्याकडे दिलं.

मालक, मी तुम्हाला दोष देत नाही. तुमच्यासमोर माणसानं स्वतःच्या तोंडानं चूक कबूल केली होती. तुम्ही काय करणार? पण तुम्ही चार छापखान्यांत ती गोष्ट सांगितलीत. "मल्लू माणूस सोन्यासारखा, पण रॅमचं त्याला विचारू नका." गमतीनं सांगायचात. म्हशीच्या पेंडीसकट. आणखी दोन छापखान्यांनी अण्णांचं काम बंद केलं.

अक्का, दोन वर्षांपूर्वी संक्रांतीला मी तिळगूळ द्यायला आलो होतो. तुम्ही मला विचारलं होतंत, "ह्यांची शाहूपुरीतली कामं एकाएकी का तुटली रे? तुला काय ठावं हाय?" मी म्हणालो, नाही. अक्का, मला ठाऊक होतं.

त्या शनिवारी अण्णा चहाला बाहेर गेले, तेव्हा मी मागोमाग गेलो. गाड्यावर उभे होते. मी म्हणालो, "अण्णा, मी आत जाऊन मालकांना खरं सांगतो."

ते बशीत चहा ओतत म्हणाले, "मला गिऱ्हाइकं किती हायत?"

"पंधरा-वीस असतील."

"तुला मालक किती?"

"एक."

"मग? एवढं गणित येतंय न्हवं? का अकरावीत सुटलं?"

मी रडायला लागलो. त्यांनी बशी माझ्या हातात दिली. म्हणाले, "पी. आणि ऐक. तू नंबर नीट वाचलास. पण कागदावरचा वाचलास. कागद दुसऱ्याच्या हातचा असतोय, तम्मा. चिप बघायची. झाकण काढायला भ्यालास, एवढीच तुझी चूक. ती दुरुस्त होणारी हाय. पुढच्या रविवारी दुकानात ये."

मी गेलो. मग दर रविवारी गेलो. पहिली सव्वादोन वर्षं शिकायला, पुढे नुसतं भेटायला. त्यांनी माझ्या हातात स्क्रू ड्रायव्हर दिला आणि पहिलं झाकण मला काढायला लावलं. माझा हात कापत होता. म्हणाले, "कापू दे. कापणारा हात स्क्रू सांभाळून ठेवतोय. बिनघोर माणूसच हरवतोय." लोक आयुष्यभर मला म्हणत आले, इतका घाबरू नकोस. अण्णा एकटे असे होते ज्यांनी माझ्या भीतीला काम दिलं. दुरुस्तीच्या आधी मोज, नंतर मोज, दोन्ही लिही. त्यांच्या दुकानात ती पद्धत माझ्या वहीवरून सुरू झाली. भिंतीवर खडूनं लिहिलेलं असायचं, आधी आणि नंतर. तुमच्यातल्या किती जणांनी ते बघितलं असेल. ते माझं आहे असं त्यांनी येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. माझी चूक स्वतःच्या नावावर घेतली आणि स्वतःची भिंत माझ्या नावावर केली. याला काय म्हणायचं, मला माहीत नाही.

आज माझ्या हाताखाली सहा मशिनं आहेत. कुठलंही बंद पडलं तर मी आधी झाकण काढतो. बिल नंतर बघतो.

मध्ये तीन वेळा मी अण्णांना विचारलं, आता सांगू का मालकांना? आता माझी नोकरी पक्की आहे. तिन्ही वेळा एकच उत्तर. "मी हाय तवर त्यातलं बोलायचं न्हाय. बोललेला शब्द पेटीत परत जात न्हाय."

मी हाय तवर. हे त्यांचे शब्द आहेत. मी शब्द नीट वाचतो, मंडळी. तेवढंच मला येतं. मंगळवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी ती मुदत संपली.

छापलेल्या पुस्तकात चूक राहिली तर आम्ही शेवटी शुद्धिपत्र लावतो. चुकीचं काय छापलं, बरोबर काय वाचावं. आज मी तेवढ्यासाठी उभा राहिलोय. चुकीचं: मल्लूअण्णांनी बोर्ड न बघता सल्ला दिला. बरोबर: मल्लूअण्णांनी बोर्ड बघायला सांगितलं होतं. प्रकाशनं बघितलं नाही.

ही ती वही. त्या शनिवारच्या पानावर कारणाच्या रकान्यात मी त्या वेळी "अण्णांचा सल्ला" असं लिहिलं होतं. मालक वही मागतील म्हणून लिहिलं होतं. काल ते लाल शाईनं खोडलं आणि शेजारी माझं नाव लिहिलं. मालक, ही वही तुमच्याकडे देतो. ज्या चार छापखान्यांत ती गोष्ट गेली, तिथे ही पण जावी, एवढं करा.

होय मालक. बसा. तुमचे भरून आलेले डोळे मला दिसतायत. बसा.

अक्का, तुमची माफी मागत नाही. माफी मागितली की ती द्यायचं ओझं तुमच्यावर येईल. मी तुमच्या घरी दर रविवारी येत होतो, तसाच येत राहीन. दुकान चालू ठेवायचं असेल तर झाकणं मी उघडीन.

आता आपण सगळे उभे राहू. दोन मिनिटं शांत राहायची रीत आहे. मी कुठलीही गोष्ट घड्याळ लावून करतो, हे तुम्हाला आता कळलंच. आज माझं घड्याळ मी इथे टेबलावर पालथं ठेवतोय. आज मोजायचं नाही. अक्का बसतील तेव्हा आपण बसू.

अण्णा, शरणु शरणार्थी.